बाणात हरवलेले पंधरा दिवस

मंद्रूपच्या अपर तहसील कार्यालयाच्या आवारात कुणाशीही बोलायला उभे राहा, एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "नोंद कुठं अडकली?" वडील वारलेले असतात, वारसाचा अर्ज दिलेला असतो, त्याची पोचही मिळालेली असते. पुढे काय झाले ते मात्र कळत नाही. भाऊसाहेबांकडे आहे, सर्कलकडे आहे, तहसीलला आहे, की संगणकात आहे? कागदाच्या काळात नोंद दप्तरात असायची आणि दप्तर कुणाच्या ताब्यात आहे हे गावाला ठाऊक असायचे. आता दप्तराच्या जागी एकमेकांना जोडलेल्या अनेक प्रणाली आल्या आहेत आणि त्या कशा जोडल्या आहेत हे अर्जदाराला कुणी सांगितलेले नाही. कधी कधी खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यालाही ते पुरते माहीत नसते.

हा प्रश्न वरवर महसुली वाटला तरी तो रचनेचा प्रश्न आहे. मोठी संगणक प्रणाली कोणत्या घटकांची बनलेली आहे, ते घटक एकमेकांशी काय आणि कसे बोलतात, कोणता निर्णय कुठे होतो, हे नेमकेपणाने लिहिण्यासाठी जगभर खास भाषा तयार झाल्या आहेत. प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषा वेगळ्या आणि या वेगळ्या. या भाषांत रचनेचे वर्णन केले जाते, कधी चौकटी आणि बाणांनी, कधी गणितासारख्या मजकुराने. माझे म्हणणे असे आहे की लोकांचे हक्क ज्या सरकारी प्रणालीवर अवलंबून आहेत, त्या प्रणालीचे असे वर्णन मराठीत, ठरलेल्या चिन्हांत, प्रसिद्ध असलेच पाहिजे. त्यासाठी कोणती भाषा निवडावी याची माझ्या लेखी पहिली कसोटीही साधी आहे: ज्याचा हक्क हलणार आहे त्याला हरकत कुठे घ्यायची ते त्या चित्रात दिसते का?

या भाषांचा इतिहास पाहिला की कसोटी इतकी साधी का ठेवावी ते कळते. १९९० च्या दशकात विद्यापीठांनी या विषयावर मोठी मेहनत घेतली. स्टॅनफर्डमध्ये रॅपिडे, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डार्विन, कार्नेगी मेलनमध्ये राइट आणि ॲक्मे अशा भाषा तयार झाल्या. रॉबर्ट ॲलन आणि डेव्हिड गार्लन यांच्या राइटमधला विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन घटकांमधला बाण म्हणजे नुसती रेघ नव्हे, त्यालाही स्वतःचे नियम असतात, असे त्यांनी मानले. पहिला घटक आधी काय बोलेल, दुसऱ्याने कशासाठी थांबायचे, त्यानंतर काय घडू शकते, हे सगळे त्या जोडणीच्या वर्णनात लिहायचे. तसे लिहिले की दोन घटक एकमेकांची वाट पाहत कायमचे खोळंबून राहतील का, हे प्रणाली बांधण्याआधीच तपासता येते.

उद्योगांनी वेगळी वाट धरली. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या पद्धती एकत्र होऊन यूएमएल आली आणि १९९७ मध्ये ती मानक झाली. विमानांसारख्या यंत्रणांसाठी २००४ मध्ये एएडीएल आली. संपूर्ण संस्थेच्या पातळीवर पाहायचे, तर जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्येच काय, कसे आणि कुठे या प्रश्नांवर उभी असलेली चौकट मांडली होती; कोण, केव्हा आणि का हे प्रश्न तिला पुढे जोडले गेले. आपल्या दृष्टीने जवळची भाषा मात्र आर्किमेट. ती २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये घडली आणि ती घडवणाऱ्यांत तिथले कर खातेही होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर खात्याचे कायदे वारंवार बदलतात. एक कलम बदलले तर कोणते कामकाज, त्याखालचे कोणते सॉफ्टवेअर आणि त्याखालची कोणती यंत्रे बदलावी लागतील, हे एका चित्रात दिसणे अशा खात्याच्या उपयोगाचे. आर्किमेटमध्ये मुख्य थर तीनच आहेत: कामकाजाचा, सॉफ्टवेअरचा आणि यंत्रसामग्रीचा. कर खात्याच्या सहभागातून घडलेली ही भाषा आपल्या महसूल खात्यालाही जवळची वाटायला हरकत नाही.

खरे तर आपल्याकडे अशी भाषा फार आधीपासून आहे. गाव नमुना एक ते एकवीस हे मुंबई इलाख्यातल्या महसुली व्यवस्थेने रचलेले वर्णन आजच्या कोणत्याही आर्किटेक्टने अभ्यासावे इतके पक्के आहे. नमुना सात जमिनीच्या बाजूने पाहतो: हा गट कुणाचा, त्यावर कुणाचे कोणते हक्क आणि बोजे. नमुना आठ-अ माणसाच्या बाजूने पाहतो: या खातेदाराच्या नावावर गावात काय काय आहे. नमुना एक आकारबंदावर बेतलेला असल्याने गावाच्या एकूण क्षेत्राचा हिशोब धरतो. माहिती एकच, पण ती पाहणारे तीन, म्हणून नमुने तीन. आणि तिन्हींचा मेळ बसलाच पाहिजे. २००० साली आयईईईने आर्किटेक्चरच्या वर्णनाचे जे मानक काढले आणि जे पुढे आयएसओ ४२०१० या क्रमांकाने चालू राहिले, त्याचा गाभा हाच आहे: आधी हितसंबंधी माणसे कोण ते ठरवा, त्यांना कशाची काळजी आहे ते लिहा आणि प्रत्येकासाठी त्याच्या नजरेतले वेगळे चित्र काढा. त्या मानकाने कोणतीही एक भाषा सक्तीची केलेली नाही. माणसे आणि त्यांचे प्रश्न मात्र सक्तीचे केले आहेत.

नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, तर त्याहून पुढे जातो. सातबाऱ्यावर नावाच्या शेजारी फेरफार क्रमांक असतो. तो धरून फेरफार नोंदवहीत गेले की हे नाव कधी, कोणत्या कारणाने, कोणत्या कागदावरून आले आणि कुणी प्रमाणित केले ते सापडते. वारसांच्या प्रकरणांना सहा-क, वादग्रस्त प्रकरणांना सहा-अ. हरकत आली तर ती जाणार कुठे, याची जागा वहीतच ठरलेली होती. हक्काच्या नोंदींची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली, आणि त्या काळातल्या माणसांनी वाद हा प्रणालीतला बिघाड मानला नाही. वादाला त्यांनी स्वतंत्र नोंदवही दिली. आजच्या आराखड्यांत मला ही गोष्ट क्वचित दिसते.

फेरफाराच्या संगणकीकृत प्रणालीकडे, म्हणजे ई-फेरफारकडे, आता या नजरेने पाहू. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती दस्तनोंदणीच्या आय-सरिता प्रणालीतून ई-फेरफारमध्ये येते आणि तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासूनच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेरफार तयार होतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर अंमल होतो. कंत्राटदाराच्या सादरीकरणात असल्या प्रवाहाचे चित्र साधारणपणे दोन चौकटी आणि त्यांच्यातला एक बाण असे असते. बाणावर लिहिलेले असते: माहितीचे हस्तांतरण. त्या बाणाच्या पोटात पंधरा दिवस आहेत, एक नोटीस आहे, शेजारच्या बांधावरच्या भावाचा हरकतीचा हक्क आहे, आणि अव्वल कारकुनाहून खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने नोंद तपासून प्रमाणित करावी ही कायद्याची अट आहे. चित्रात यातले काही दिसत नाही. मग एखाद्या सुधारणेत वेग वाढवायचा म्हणून कुणी तो बाण आखूड केला, तर आपण कायद्याचे कलम कापले हे त्या अभियंत्याला कळणारही नाही. दोष त्याचा नाही. त्याला दिलेल्या भाषेत ते कलम लिहायला जागाच नव्हती.

ॲलन आणि गार्लन यांचा जोडणीचा विचार मला म्हणूनच मोलाचा वाटतो, आणि तो आपल्याकडे संगणकशास्त्रापेक्षा कायद्याच्या अंगाने वापरला जावा असे वाटते. बाण कोणत्या कलमाच्या अधिकाराने जातो, वाटेत कोण थांबवू शकतो, किती दिवस थांबतो, आणि थांबला तर कोणत्या नोंदवहीत जातो, या चार गोष्टी प्रत्येक बाणावर लिहिल्या पाहिजेत. आर्किमेटमध्ये कामकाजाच्या थरात हे लिहिता येते, प्रक्रिया दाखवण्याच्या बीपीएमएनमध्येही येते. सोय आहे, पण सोय आहे म्हणून कुणी लिहीत नाही. मागितल्याशिवाय ते येणार नाही.

वर्णनाची भाषा चुकली की राज्यकारभार कसा कोसळतो, याचा एक जुना धडा सोलापूरच्या शेजारीच घडलेला आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल याने दख्खनमध्ये जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. त्याच्या मागे त्या काळचे अद्ययावत अर्थशास्त्र होते, रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत. शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हिशोब देखणा होता. पण निव्वळ उत्पन्न काढण्याची आकडेमोड इतकी गुंतागुंतीची, की ती हाताखालच्या मोजणीदारांना पेलली नाही, वरच्यांना तपासता आली नाही, आणि रयतेला त्यात बोट ठेवायला जागा मिळाली नाही. लाचलुचपत शिरली, आकडे खोटे ठरले, इंदापूर भागात शेतकरी जमिनी टाकून गेले. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवून चिन्हांची पद्धत बसवली. १८४७ च्या संयुक्त अहवालात ती पक्की झाली: शेताचे नकाशावर भाग पाडायचे, मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून नऊ प्रतींपैकी एक प्रत द्यायची, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा निचरा नसणे अशा दोषांसाठी त्या त्या भागात एक लहानसे चिन्ह काढायचे. एका चिन्हाला एक प्रत कमी. हे चित्र मोजणीदाराला काढता येत होते, त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला शेतात उभे राहून पडताळता येत होते, आणि वाद उठला तर अमुक भागातले अमुक चिन्ह चुकले आहे असे म्हणता येत होते. इंग्रजांना यात रयतेचे कल्याण साधायचे होते असा माझा दावा नाही. त्यांना सारा हवा होता. तरी काटेकोर पण अपारदर्शक वर्णन हरले आणि ढोबळ पण पडताळता येणारे वर्णन दीर्घकाळ टिकले, हे नाकारता येत नाही.

तंत्रज्ञांच्या जगातही नेमके हेच घडले. इव्हानो मालावोल्टा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५ देशांतल्या ४० कंपन्यांमधल्या ४८ जाणकारांना विचारून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांतून आलेल्या काटेकोर भाषा कामावरच्या माणसांनी फारशा उचलल्या नव्हत्या. विश्लेषणाच्या सोयींवर ते समाधानी नव्हते, आणि भाषा वापरायला अधिक सोपी हवी, असेही त्यांचे म्हणणे होते. सायमन ब्राउनचे सी-फोर लोकप्रिय झाले तेही याच कारणाने: चारच पातळ्या, मोजक्या चौकटी, आणि प्रत्येक रेघेवर ती कशासाठी आहे याचे एक वाक्य.

या मागणीवर पहिला आक्षेप सुरक्षेचा येतो. रचना उघड केली तर घुसखोरांना वाट दाखवल्यासारखे होईल, असे सांगितले जाते. सर्व्हरचे पत्ते, जाळ्याची मांडणी, किल्ल्या उघड करा असे कुणी म्हणत नाही. आर्किमेटच्या तीन थरांचा उपयोग इथेच आहे. खालचा थर झाकून ठेवा; वरचा, कामकाजाचा थर लोकांचा आहे. तो झाकला तर घुसखोरांपासून संरक्षण होत नाही, प्रश्न विचारणाऱ्यांपासून होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आराखडे शिळे होतात; प्रणाली पुढे जाते आणि चित्र मागे राहते. हे खरे आहे, आणि ज्यांनी कधी हे काम केले आहे त्यांना किती खरे आहे तेही ठाऊक आहे. पण सातबाराही रोज बदलतो आणि तरी शिळा होत नाही, कारण बदल फेरफाराच्या वाटेनेच येतो. आराखड्यालाही तीच शिस्त लावता येते. वर्णन चित्रात न ठेवता मजकुरात ठेवले, जसे स्ट्रक्चरायझर किंवा प्लँटयूएमएलमध्ये ठेवतात, आणि त्याच्या आवृत्त्यांची नोंद ठेवली, तर प्रत्येक बदलाला क्रमांक आणि तारीख आपोआप चिकटते, कारण आणि मंजूर करणाऱ्याचे पदही सोबत लिहिता येते. चित्र त्या मजकुरातून काढले जाते. २०२० च्या नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक येतो, प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही येते. फार चांगली सुधारणा आहे ती. ज्या सॉफ्टवेअरमधून तो सातबारा निघतो, त्याच्या आराखड्यावरही शेवटचा बदल आणि प्रलंबित बदल लिहायला काय अडचण आहे?

तिसरा आक्षेप मी सर्वाधिक ऐकतो आणि तो मला सर्वाधिक लागतो: हे शेतकऱ्याला काय कळणार? ज्याला पोटखराबा, आणेवारी, भोगवटादार वर्ग दोन, इतर हक्क आणि आठ-अ कळते, त्याला सहा चौकटी आणि आठ बाण कळणार नाहीत असे मानणे हा त्याचा अपमान आहे. महाराष्ट्रातला सामान्य खातेदार चार पिढ्या एक अतिशय दाट सांकेतिक दस्तऐवज वाचत आला आहे. दक्षिण सोलापुरात तर अनेक घरांत बोलणे कानडीत आणि कागद मराठीत. चिन्हांची भाषा अशा घरांना उलट सोयीची. आणि सगळ्यांनीच वाचावा असेही नाही. गावातला एक वकील, एक अर्ज लिहून देणारा, कॉलेजात शिकणारी एक मुलगी वाचू शकली तरी पुरे. सातबाराही गावात असाच वाचला जातो.

एका नोंदीचे वजन किती असते ते मंद्रूपला सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर चढलेले औद्योगिक विकास महामंडळाचे नाव कमी करावे म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. त्या वादात बरोबर कोण हा इथला विषय नाही. पण उताऱ्यावरची एक ओळ माणसांना शेत सोडून कार्यालयासमोर बसायला लावते हे पाहिल्यावर, ती ओळ कोणत्या घटकातून, कुणाच्या आदेशाने, कोणत्या वाटेने आली आणि कोणत्या वाटेने जाऊ शकते, याचा नकाशा उपलब्ध असणे ही चैन म्हणता येत नाही.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक प्राधिकरणाने निर्णय घेण्याची कार्यपद्धती, पर्यवेक्षण आणि उत्तरदायित्वाच्या मार्गांसह, स्वतःहून प्रसिद्ध करावी असे आहे. आणि तसे करताना स्थानिक भाषेचा विचार करावा असेही आहे. निर्णयाची कार्यपद्धती आता सॉफ्टवेअरमध्ये गेली आहे. तिचे वर्णन म्हणजेच आर्किटेक्चरचे वर्णन. ते प्रसिद्ध न करणे म्हणजे कलम ४ अर्धे पाळणे. केंद्राने २०१८ मध्ये सरकारी संस्थांसाठी ‘इंडिया’ (IndEA) हा एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा आराखडाही काढला आहे, पण असे दस्तऐवज खात्यांना उद्देशून असतात. खातेदार त्यांचा वाचक धरलेला नसतो.

२०१७ मध्ये संगणकीकृत सातबारे गावोगावी चावडीवर वाचून दाखवले गेले आणि चुका दुरुस्त करण्याची संधी लोकांना दिली गेली. संगणकातली माहिती बरोबर आहे की नाही हे शेवटी गावच सांगू शकते, ही कबुली त्या मोहिमेत होती. माहितीचे चावडी वाचन झाले, रचनेचे राहिले. आता सातबारा ई-पीक पाहणीला, ॲग्रिस्टॅकच्या शेतकरी ओळख क्रमांकाला, पीकविम्याला आणि अनुदानाला जोडला जात आहे. जोडण्या वाढतील तसा "नोंद कुठं अडकली" या प्रश्नाचा माग एका कार्यालयात लागणार नाही. २०२५ मध्ये शेतीच्या योजनांसाठी हा ओळख क्रमांक आवश्यक झाला. ज्याच्या सातबाऱ्यात घोळ आहे त्याचा घोळ आता सातबाऱ्यापुरता राहत नाही.

सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या अध्यापकांना माझी विनंती आहे. यूएमएल शिकवताना बँकेचे एटीएम आणि ग्रंथालयाची देवघेव ही उदाहरणे पुष्कळ झाली. या वर्षी मुलांना मंद्रूपला पाठवा. अर्जापासून सहा-कपर्यंत, सहा-कपासून फेरफारापर्यंत आणि तिथून सातबाऱ्यापर्यंत वारसाची एक नोंद कशी जाते ते ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकारी यांच्याजवळ बसून त्यांना काढू द्या, मराठीत, प्रत्येक बाणावर कलम आणि मुदत लिहून. ते चित्र चावडीत लावा आणि त्यात काय चुकले ते गावाला विचारा.